तिसरं भोक

चुंबक फडक्यात गुंडाळून
रुबाब तडवी गाडीभोवती फिरतो,
सावद्याच्या बाजारात म्हशीभोवती गिऱ्हाईक फिरतं तसा.
टपावर चुंबक धरतं. बॉनेटवर धरतं.
डाव्या मागच्या दाराशी, अगदी खाली,
हातातून सुटून मातीत पडतं.
‘इथं लोखंड नाई, सर. इथं नुसती लांबी हाये.’

चौऱ्याऐंशीची पद्मिनी.
साखर कारखान्याच्या लिलावात घेतली तेव्हा
सीटखालून उसाच्या वजनाच्या पावत्या निघाल्या होत्या.
मी भूगोल शिकवतो. मला वाटायचं,
गंज म्हणजे समुद्राकाठचं दुखणं.
आमच्याकडे मे महिन्यात टपावर पापड वाळतात,
ओल येणार कुठून?

रुबाब पेचकस टेकवतो. हलकेच.
तो मुठीपर्यंत आत जातो.

‘पाह्य बरं. दाराले खाली तीन भोकं असतात,
कंपनीनंच ठेवेल. काचेच्या फटीतून शिरलेलं पाणी
तिथून निंघून जाते.
तुमची भोकं केळीच्या सोपटानं बुजली.’

खरं आहे. दर श्रावणात मेव्हण्याच्या मळ्यातून
घड आणायचो मागच्या सीटवर, चिक गळणारे, ओलेकच्च.
खाली रबरी चटई, चटईखाली गोणपाट,
आणि गोणपाटाखाली काय चाललंय
ते बारा वर्षं उचलून पाहिलं नाही.

ग्राइंडर लागतो.
लांबीचे थर सुटत जातात, पांढरा, राखाडी, गुलाबी,
आणि सगळ्यांच्या मागे
कागद.
वर्तमानपत्राचा बोळा, अजून दमट,
कपाशीचा भाव अजून वाचता येतो.
भोकात कोंबून वरून लांबी फासलेली.

‘कुणी केलं हे काम?’ मी जरा मास्तरी आवाजातच विचारतो.
रुबाब ग्राइंडर बंद करतो.
उरलेल्या लांबीची कड अंगठ्याने चाचपतो,
उलट्या हाताने ओढलेली,
शेवटाला किंचित वर वळलेली.
पोऱ्या लुकमान पाणीपेपर घेऊन उभाच राहतो.
‘मी डावरा हाये, सर.
भुसावळले उस्तादापाशी होतो. सतरा वर्षांचा.
कारखान्याच्या गाड्या यायच्या.
संध्याकाळलोक पाहिजे म्हनायचे.’

मग बराच वेळ फक्त छिन्नी बोलते.
चार बोटं गंज असेल तिथे तो सहा बोटं कापतो,
स्वच्छ पत्रा लागेपर्यंत.
पुठ्ठ्यावर नमुना काढतो, पुठ्ठ्यावरून पत्रा.
गॅसची निळी जीभ. एक टाका इकडे, एक पार तिकडे,
मध्ये थांबायचं, नाहीतर पत्रा तापून रुसतो.
लुकमान चकचकीत कडेवरून बोट फिरवायला जातो
तर ओरडतो, ‘हात नको! घाम लागते!’
आणि दिवस मावळायच्या आत रेड ऑक्साइड.
उघडं लोखंड रात्रीच्या हवाली करायचं नाही,
आमच्या असल्या कोरड्या रात्रीच्यासुद्धा.

तीन दिवसांनी रंग बसला.
त्याहून जास्त वेळ त्याने आत घालवला,
मेण आणि ऑइल पातळ करून
दाराच्या पोटात नळीने मारत,
जिथे कुणी गिऱ्हाईक कधी वाकून बघत नाही.

बिलावर सगळं आहे. मडगार्ड, फ्लोअर, डिकीची कड.
‘डावं मागचं दार’, त्यापुढे आकडा नाही.
मी तिथे बोट ठेवतो.
‘ते राह्यलं होतं,’ तो म्हणतो,
आणि लोटा भरायला जातो.

काचेच्या फटीतून पाणी ओततो, सावकाश.
आम्ही तिघे उकिडवे बसून दाराच्या तळाकडे बघतो.
पहिल्या भोकातून धार. दुसऱ्यातून थेंब, मग धार.
तिसरं कोरडं.

रुबाब डावा हात मागे करतो,
आणि लुकमान, न सांगता,
त्यावर सायकलची तार ठेवतो.